जाहिरात शेवटून वाचा: विदर्भातल्या खेड्यातून चांगल्या पगाराच्या नोकरीपर्यंत

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावात विचारपूस सुरू होते, "पोट्टा काय करून राहिला आता?" उत्तरं तीन-चारच असतात. पोलीस भरती, एमपीएससी, नाहीतर "पुण्याले जाईन म्हणते". यात वाईट काही नाही. पण पहिल्या काही वर्षांतच घर सावरेल एवढा पगार देणाऱ्या कितीतरी नोकऱ्यांचं नावही वर्गात कुणी घेत नाही, आणि त्यातल्या काही तर आपल्याच जिल्ह्यात असतात. त्यांना लागणारी पात्रता फार अवघड नसते. फक्त ती तीन-चार वर्षं आधी ठरवावी लागते.

हा लेख दहावी ते बारावीच्या टप्प्यावरच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहे. डॉक्टर-इंजिनिअरची वाट सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती इथे सोडली आहे.

आधी एक जुनी जाहिरात वाचा

कोर्स निवडून मग नोकरी शोधायची, हा आपला नेहमीचा क्रम. तो उलटा करा. जी नोकरी मनात आहे तिची गेल्या एक-दोन वर्षांतली जाहिरात त्या खात्याच्याच वेबसाइटवरून उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारं रंगीत पोस्टर चालणार नाही, मूळ जाहिरातच हवी. ती वीस-तीस पानांची असते आणि बहुतेकदा इंग्रजीत असते. घाबरू नका, त्यातल्या पाचच गोष्टी आधी शोधायच्या आहेत: शिक्षण, वय, वैद्यकीय अट, परीक्षेचे टप्पे आणि वेतन. त्या वहीत लिहा आणि तिथून मागे मागे या. नोकरीला पदवी लागते तर कोणत्या विषयांची? त्या विषयांना बारावीत काय लागतं? मग आज अकरावीत कोणता गट घ्यायचा?

वेतनाची ओळ नीट वाचा. "वेतनस्तर ७, ४४,९००" असं लिहिलं असेल तर ते मूळ वेतन. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता मिळतो आणि त्यातून निवृत्तीवेतनाची कपात होते. "सीटीसी" लिहिलं असेल तर त्यात कंपनीने तुमच्यावर करायचा सगळा खर्च धरलेला असतो, हातात त्याहून बरंच कमी येतं. आणि "मानधन" लिहिलं असेल तर ती नोकरी बहुधा कंत्राटी किंवा ठराविक मुदतीची असते. खासगी कारखान्यात आणखी एक प्रश्न आधीच विचारा: नोकरी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे? गेट तेच, हेल्मेट तेच, पण पगारात आणि उद्याच्या खात्रीत जमीन-अस्मानाचा फरक.

तालुक्याच्या कॉलेजातली बीएस्सी कुठवर नेते

आपल्याकडे बीएस्सीला "काहीच नाही जमलं म्हणून घेतलेली डिग्री" समजतात. त्याच बीएस्सीवर भारतीय विमानतळ प्राधिकरणात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक होता येतं. विमानाला केव्हा उतरायचं आणि किती उंचीवर थांबायचं हे सांगणारा माणूस तो. अट एवढीच: भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेली तीन वर्षांची बीएस्सी, किंवा इंजिनिअरिंगची पदवी. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २७, राखीव प्रवर्गांना सवलत. मूळ वेतन ४०,००० पासून सुरू होतं, आणि प्राधिकरणाने आपल्याच जाहिरातीत वर्षाची सीटीसी १३ लाखांच्या आसपास सांगितलेली आहे. विशेष म्हणजे या नियंत्रकांना शिकवणारी प्राधिकरणाची एक संस्था गोंदियालाच आहे.

आता अडचण कुठे येते ते पाहा. तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश घेताना बरीच मुलं, विशेषतः मुली, रसायन-वनस्पती-प्राणीशास्त्र हा गट घेतात, कारण "गणित जड जाते". त्या एका सहीने हे दार बंद होतं. पुढे कितीही अभ्यास केला तरी ते उघडत नाही. गणिताची भीती असेल तर अकरावीच्या उन्हाळ्यात दहावीचं बीजगणित पुन्हा करा, पण फक्त भीतीपायी गट बदलू नका.

परीक्षा संगणकावर होते. त्यात भौतिक-गणिताबरोबर इंग्रजी, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान असतं. पुढे आवाजाची, मानसिक क्षमतेची आणि वैद्यकीय चाचणी होते. काम रेडिओवर इंग्रजीतून बोलण्याचं आहे. फर्डं इंग्रजी नको, स्पष्ट आणि न अडखळता बोलता आलं पाहिजे. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून स्वतःचा आवाज मोबाइलवर ऐकायची सवय लावली तर तीन वर्षांत फरक पडतो.

आयटीआय: एक-दोन वर्षं, पण ट्रेड बघून

विदर्भात जवळपास प्रत्येक तालुक्याला शासकीय आयटीआय आहे आणि तिथली फी परवडते. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक या ट्रेडना किंमत आहे. जागा मिळते म्हणून कुठलाही ट्रेड घेऊ नका. पुन्हा तेच: आधी जाहिरात, मग ट्रेड.

रेल्वेतला असिस्टंट लोको पायलट हा या वाटेवरचा मोठा पल्ला. दहावी आणि ठरलेल्या ट्रेडची आयटीआय, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांसारख्या शाखेची पदविका लागते. मूळ वेतन १९,९०० एवढंच दिसतं, म्हणून लोक नाक मुरडतात. पण गाडीवर चालणाऱ्या कर्मचाऱ्याला धावलेल्या किलोमीटरवर रनिंग अलाउन्स मिळतो आणि बढतीही आतल्या आत होत जाते. निवडीत संगणकावरच्या दोन परीक्षा आणि त्यानंतर सीबॅट नावाची मानसिक क्षमतेची चाचणी असते. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण लागतात, यात कोणत्याच प्रवर्गाला सूट नाही.

खरी अडचण मात्र डोळ्यांची. या पदाला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो: चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची ६/६ नजर आणि रंगांची पूर्ण ओळख. चष्मा घालवायची लेसिक शस्त्रक्रिया केली असेल तरी चालत नाही. दोन-तीन वर्षं तयारी करून शेवटी वैद्यकीयला बाद होणं फार जिव्हारी लागतं. म्हणून ट्रेड निवडायच्या आधीच जिल्हा रुग्णालयात नेत्रविभागात जा आणि नजर व रंगदृष्टी दोन्ही तपासून घ्या. एका सकाळचं काम आहे. डोळे बसत नसतील तर रेल्वेतलीच तंत्रज्ञाची पदं आहेत, तिथे वैद्यकीय दर्जा पदानुसार वेगळा असतो.

महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. पहिली तीन वर्षं मानधनावर. २०२३ च्या जाहिरातीत ते १५, १६ आणि १७ हजार असं चढतं होतं. तीन वर्षं नीट पार पडली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. त्या तीन वर्षांकडे पाहून सोडून देऊ नका. पण पावसाळ्यात रात्री दोन वाजता फॉल्ट काढायला खांबावर चढायची तयारी असेल तरच अर्ज करा.

आयटीआय झाल्यावर लगेच शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप करा. बरेच जण "एवढ्याशा पैशात कोण राबणार" म्हणून टाळतात आणि तिथेच मागे पडतात. भंडारा आणि चंद्रपूरच्या आयुध निर्माणींत स्फोटकांच्या विभागातल्या कामगारांची मुदतीची भरती निघते, तेव्हा आयुध निर्माणीतूनच एओसीपी ट्रेडची (रासायनिक कारखान्यातल्या यंत्रचालकाची) शिकाऊ उमेदवारी केलेल्यांना प्राधान्य असतं.  कोराडी, खापरखेडा, पारस आणि २,९२० मेगावॅटचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, या सगळ्या ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेतात. महाराष्ट्र आणि केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी आयटीआयच्या शेवटच्या सहा महिन्यांतच करून ठेवा.

कोळशाचा पट्टा

वणी, बल्लारपूर, माजरी, उमरेड या भागातल्या मुलांना वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या नोकऱ्यांबद्दल ऐकून माहिती असते. पण ती बहुतेक "जमीन गेली म्हणून नोकरी लागली" एवढ्यापुरतीच. जमीन न जाताही खाणीत चांगल्या पगारावर जाता येतं. त्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं.

मायनिंग सरदार आणि ओव्हरमन ही खाणीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारी वैधानिक, म्हणजे कायद्याने ठरवलेली पदं. ती भरल्याशिवाय खाण चालवताच येत नाही, म्हणून या कागदाला वजन आहे. सरळ वाट अशी: दहावीनंतर खाणकामाची तीन वर्षांची पदविका. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात ही शाखा आहे. पदविकेनंतर खाणीत एक वर्षाचं प्रशिक्षण, मग महासंचालनालयाची परीक्षा. सोबत प्रथमोपचाराचं आणि वायू-परीक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सने दहाव्या वेतन करारानुसार मायनिंग सरदाराचं मूळ वेतन ३१,८५२ रुपये दिलं होतं. त्यानंतर अकरावा करार झाला आणि वेतन वाढलं. शिवाय जमिनीखाली काम करणाऱ्याला त्याचा वेगळा भत्ता असतो.

काम धोक्याचं आहे, पाळ्यांचं आहे, धूळ आहे. हे घरच्यांना आधी सांगा. खुल्या खाणीचा आणि भूमिगत खाणीचा दिवस सारखा नसतो. ओळखीतल्या दोघा-तिघा खाणकामगारांशी बोलून मगच या शाखेला जा.

नर्सिंग: सगळ्यात कमी ओळखलेली मोठी नोकरी

नर्सिंग म्हटलं की अजूनही "मुलींचं काम" आणि "सात-आठ हजारांची नोकरी" हीच दोन वाक्यं ऐकू येतात. खासगी दवाखान्यात सुरुवातीला पगार तुटपुंजा असतो, हे खरं. पण एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं, आणि मिहानमधलं नागपूरचं एम्स आपल्या दाराशी आहे. ही भरती नॉरसेट नावाच्या देशभराच्या एकाच परीक्षेतून होते. बीएस्सी नर्सिंग झालेल्याला अनुभव लागत नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वय १८ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. जागांचं वाटप ८० टक्के महिला आणि २० टक्के पुरुष असं आहे.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची. बारावीला जीवशास्त्र हवं आणि राज्य सीईटी कक्षाची वेगळी नर्सिंग सीईटी द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचं. दोन्ही जमत असेल तर बीएस्सीच घ्या, माझं मत स्पष्ट आहे. अनुभवाची अट टळते आणि परदेशाची वाटही सोपी होते. जर्मनीला जायचं असेल तर जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते. ती इथेच शिकायला सुरुवात करा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात मोठा धोका कॉलेज निवडण्यात आहे. तालुक्याच्या चौकात "नर्सिंग कोर्स, १ वर्ष, नोकरीची हमी" असे फलक लागलेले असतात. अशा कोर्सनंतर नर्स म्हणून नोंदणी होईलच असं नाही. नोंदणी नसेल तर सरकारी अर्ज भरताच येत नाही. एक रुपया भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव आणि कोर्स दोन्ही शोधा. संस्थेचं नाव सापडलं पण कोर्स सापडला नाही, तरीही नकोच.

शेतीची पदवी आणि बँक

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून किंवा त्याच्याशी संलग्न कॉलेजातून कृषीची चार वर्षांची पदवी घेतलेल्यांची कृषी सेवेच्या परीक्षेकडे रांग असते. त्याच पदवीवर आयबीपीएसची (बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) स्पेशालिस्ट ऑफिसरची परीक्षा देऊन राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी होता येतं. वय २० ते ३०, मूळ वेतन ४८,४८० पासून. पीककर्ज, ठिबक, दूधधंदा यांची प्रकरणं तपासायची असतात, आणि जो बापाबरोबर कर्जमाफीच्या रांगेत उभा राहिला त्याला ते काम समजावून सांगावं लागत नाही. बदली देशात कुठेही होऊ शकते. हिंदी-इंग्रजीची तयारी ठेवा.

दोन वाटा थोडक्यात. वाणिज्य शाखेच्या हुशार मुलांनी सीएचा विचार करावा. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, आणि फायनल. नागपूर, अमरावती, अकोला इथे संस्थेच्या शाखा आहेत. खासगी पदव्यांच्या मानाने खर्च कमी, पण नापास व्हायची तयारी लागते. आणि सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. मुलींनाही ती आता खुली आहे. त्यासाठी दहावीत असतानाच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्या. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. भाऊ-बहीण लहान असतील तर सहावीच्या आणि नववीच्या प्रवेशासाठी चंद्रपूरची सैनिकी शाळा लक्षात ठेवा.

कागदं अकरावीतच

आपल्याकडची मुलं परीक्षेत जेवढी अडकतात तेवढीच कागदात अडकतात. जातीचा दाखला असतो, पण जात वैधता नसते. मग इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. बारावी विज्ञानाचा विद्यार्थी कॉलेजमार्फतच जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करू शकतो. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. अकरावीत असतानाच पुरावे जमवायला लागा.

पुरावा लागतो तो ठरलेल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांची नोंद. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर काय? तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदींत जात लिहिलेली असते. जुनं पेरेपत्रक, हक्क नोंदणी, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हेही चालतं. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होतो, त्यामुळे पूर्व विदर्भात काही नोंदी हिंदीत आहेत. जुन्या काही मोडीतही निघतात. मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र रेल्वे, बँक, एम्स किंवा विमानतळ प्राधिकरणाला चालत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही वेगळं पाहावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचं केंद्राचं प्रमाणपत्र घ्यायचं तर कुटुंबाची शेती पाच एकरापेक्षा कमी हवी. कोरडवाहू असो की ओलिताची, हिशेब एकरांचाच.

आणि नाव. आधारवर "ज्ञानेश्वर", मार्कशीटवर "ज्ञानेश्र्वर", बँकेत "दिनेश" असं असेल तर ते आत्ताच एक करून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण धरून बाकी सगळं त्याला जुळवायचं.

पैसा

शासकीय वसतिगृहाचा अर्ज पहिला. तिथे नंबर लागला नाही तर जेवण-खोलीच्या खर्चासाठी योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. दहावीनंतर लगेच तिची जाहिरात पाहत राहा.

शेत विकून किंवा गहाण ठेवून कुणाला "सेटिंग"साठी पैसे देऊ नका. वर लिहिलेल्या एकाही भरतीत पैसे देऊन नाव लागत नाही.

अर्ज भरताना

दरवर्षी अटी थोड्या बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी नवी जाहिरात पुन्हा वाचा. सेतू किंवा नेट कॅफेतून अर्ज भरायला हरकत नाही, पण ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच द्या. कॅफेवाला सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो, आणि प्रवेशपत्र आलं की ते त्याच्याकडे पडून राहतं. पासवर्ड वहीत लिहा. भरलेल्या अर्जाची पीडीएफ आणि पैसे भरल्याची पावती फोनमध्ये ठेवा, एक छापील प्रत घरी ठेवा. परीक्षा केंद्र निवडताना नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर यापैकी जिथे आदल्या रात्री मुक्काम करता येईल ते आधी टाका. सकाळी साडेसातच्या पाळीला गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने पोहोचता येत नाही.